अनारसे तुपात हसतात? पीठ टाकून देण्याआधी एवढं तपासा

कढईत अनारसा सोडला, कडेने फेस आला, आणि झारा लावायच्या आत त्याचे तुकडे होऊन तूपभर पसरले. आपल्याकडे याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून मला याच तक्रारीचे फोन येऊ लागतात, आणि अधिक महिन्यात तर शेजारच्या बायका पिठाचा डबाच घेऊन येतात. गेली बावीस वर्षं मी माझ्या घरचं, जावांचं, मुलीच्या सासरचं असं किती पीठ सावरलं, त्याचा हिशेब नाही. त्यातलं फार थोडं खरोखर वाया गेलं. म्हणून पहिली विनंती: गॅस बंद करा आणि पीठ टाकू नका. तीन दिवस भिजवलेला तांदूळ आहे तो, आणि बहुतेक वेळा दोष एका चमच्याचा असतो.

आधी लक्षण ओळखा

– अनारसा तुपात पडताच, किंवा अर्ध्या मिनिटात फुटतो आणि कण सगळीकडे पळतात. हे खरं हसणं.

– फुटत नाही, पण पातळ पातळ पसरत जातो आणि झाऱ्यावर घेतला की मोडतो. हे अर्धं हसणं.

– थापला तसाच राहतो, फुगत नाही, जाळी पडत नाही. गार झाला की दाताला लागतो.

– वरून काळपट, आतून कच्चा आणि चिकट.

– दिसायला देखणा, पण बोटांनी दाबला की तूप निथळतं.

– थापतानाच कडेला भेगा पडतात.

– पहिल्या दिवशी खुसखुशीत, दुसऱ्या दिवशी वातड.

पहिल्या दोन लक्षणांसाठीच बहुतेक जणी रडकुंडीला येतात, म्हणून मी त्यांच्यावर जास्त लिहिणार आहे. बाकीची वाटेत येतीलच.

गाळणीत काय उरलं ते बघा

तूप जरा निवू द्या आणि स्टीलच्या गाळणीतून गाळून घ्या. प्लॅस्टिकची गाळणी गरम तुपाने वितळते, ती नको. गाळायचं कारण एक तर हे की, खाली राहिलेला गाळ पुढच्या घाण्याला जळतो, त्याचे काळे ठिपके अनारशाला चिकटतात आणि तूप कडवट होतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. पिठात काय बिघडलंय ते हा गाळच सांगतो. लोक तो सरळ टाकून देतात.

गाळ गडद तपकिरी, चकचकीत आणि गार झाल्यावर चिक्कीसारखा कडक झाला असेल, तर गूळ जास्त झालाय. फिकट, मऊ, पापुद्र्यासारखा गाळ असेल आणि तळताना तूप फार फेसाळलं असेल, तर पिठात पाणी जास्त आहे. आणि बारीक रव्यासारखे सुटे, कोरडे दाणे असतील, तर पीठ वाळलंय किंवा जाड दळलं गेलंय.

हे तिन्ही वरून सारखेच दिसतात, अनारसा हसतोच. पण उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पाणी जास्त झालेल्या पिठात कुणाच्या सांगण्यावरून दूध घातलं की मग ते सावरणं फार अवघड होतं. म्हणून आधी गाळ बघा, आणि पुढच्या तपासण्या क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एकच अनारसा सोडून बघायचा.

१. तुपाचा ताव

यात काही खर्च नाही, पीठही वाया जात नाही, म्हणून हे सर्वांत आधी. सुपारीच्या अर्ध्याएवढी पिठाची गोळी तुपात सोडा. ती तळाशी जायला हवी आणि मनात सावकाश चार-पाच अंक मोजेपर्यंत बारीक बुडबुडे घेत वर यायला हवी. तळालाच बसून राहिली तर तूप गार आहे. पडताक्षणी वर येऊन लाल झाली तर तूप जास्त तापलंय.

गार तुपात अनारसा का हसतो? अनारशाला बांधून धरणारा तांदळाचा स्टार्च उष्णतेने शिजतो, तेव्हाच पक्का होतो. तूप गार असेल तर गूळ आधी पाघळतो, स्टार्च मात्र अजून कच्चाच असतो, आणि धरून ठेवायला काही उरत नाही. उलट तूप फार तापलं असेल तर वरचा गूळ जळतो, आत ऊब पोहोचतच नाही. वरून काळा आणि आत चिकट, ते लक्षण इथलं.

ताव बरोबर आला की गॅस मंद ते मध्यम ठेवा आणि एका वेळी एकच अनारसा सोडा. घाईत तीन सोडले की तूप गार पडतं आणि तिन्ही जातात. कढई लहान आणि खोलगट घ्या, म्हणजे कमी तुपात खोली मिळते. पंखा बंद ठेवा. माझी आई अनारसे तळताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची, नजर लागते म्हणायची. दार लावलं की वारा थांबतो आणि स्टोव्हची ज्योत स्थिर राहते, हे मला फार पुढे कळलं. मीही दार लावते.

२. थापणं आणि सोडणं

लहान लिंबाएवढी गोळी घ्या, वजनाने साधारण २० ग्रॅम. केळीच्या पानावर किंवा जाड प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरा, त्यावर गोळी ठेवून बोटांच्या टोकांनी पुरीएवढी थापा. मध्ये थोडी जाड आणि कडेला पातळ असं बऱ्याच जणींचं होतं, आणि मग कड आधी सुटते. सगळीकडे एकसारखी जाडी हवी.

तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. अनारसा उलटायचा नाही. खसखस तुपाकडे गेली की ती सुटून तळाशी जळते, आणि अर्धवट शिजलेला अनारसा उलटताना मोडतो. झाऱ्याने वरून थोडं थोडं गरम तूप उडवत राहायचं, त्यानेच वरची जाळी उघडते. झाऱ्याने दाबू नका, ढकलू नका. पहिलं अर्धं मिनिट त्याला हातच लावायचा नाही.

खसखस कमी असेल तर बारीक रवाही चालतो. परगावी राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. दुबईच्या मुलीकडे दिवाळीचा डबा पाठवत असाल तर खसखस लावलेले अनारसे त्यात घालू नका. रवा लावून करा.

३. पीठ मुरलंय का, आणि फ्रिजमधून थेट तर नाही आलं?

गूळ-पीठ मळून गोळा बांधल्यावर तो किमान चार दिवस झाकून ठेवायला हवा. मी पाच ते सहा दिवस ठेवते. या दिवसांत गूळ पिठातला ओलावा ओढून घेतो, विरघळतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. मुरायच्या आधी तळलं तर गूळ कुठे खडा आणि कुठे पाणी असा असतो. जिथे खडा तिथे अनारसा फुटतो. बाजारातून आणलेलं पीठही असंच असतं, बांधल्याची तारीख विचारून घ्या.

आमच्या घरात याचा हिशेब कोजागरीवर बसवलेला होता. कोजागरीचं दूध पिऊन झालं की दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजत पडायचा. तीन दिवस भिजला, चौथ्या दिवशी दळला, मळला, की गोळा चिनीमातीच्या बरणीत जायचा. आश्विन पौर्णिमेपासून वसुबारस बाराव्या दिवशी येते, म्हणजे मुरायला सात-आठ दिवस आपोआप मिळतात. आईने कधी दिवस मोजले नाहीत, तिथीच मोजायची. आता आपण धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पीठ शोधत फिरतो आणि अनारशांना दोष देतो.

फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ तळण्याआधी दोन तास बाहेर काढून ठेवा. गार गोळा तुपाचा ताव पाडतो, मग पहिल्या तपासणीतला सगळा प्रकार पुन्हा घडतो.

एवढ्या तीन गोष्टींत निम्म्या तक्रारी मिटतात. तरीही हसत असेल, तर मग पिठाकडे वळायचं.

४. ओलावा

२०२३ साली अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नानंतरचा तो पहिला अधिक महिना. जावयाला लक्ष्मीनारायणाच्या जोडीतला नारायण मानून दिवा, तबक आणि ३३ अनारशांचं वाण द्यायची आमच्याकडे रीत आहे, आम्ही त्याला ‘तीस-तीन’ म्हणतो. जाळीचा पदार्थच द्यायचा, म्हणून कुणी बत्तासे देतं, कुणी म्हैसूरपाक. आमच्या घरात अनारसेच. आणि बाहेर साताऱ्याचा पाऊस. तांदूळ भिजला, निथळला, पण वाळेना. कपड्यावर पसरून पंख्याखाली ठेवला तरी हाताला गारच लागायचा. शेवटी कंटाळून तसाच दळला. गुळाच्या ढेपेलाही पाझर सुटला होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी तळायला बसले आणि पहिले चार अनारसे चारी हसले.

सासूबाई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या. खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या. म्हणाल्या, “अगं, ताव बरोबर आहे तुझा. पीठ इकडे दे.” चिमूटभर पीठ घेऊन त्यांनी त्याची चपटी टिकली केली, कोऱ्या सुती फडक्यावर ठेवली आणि मला चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत टिकलीभोवती रुपयाएवढं ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी फडकं माझ्यासमोर धरलं. “बघ. एवढं पाणी तुपात जायचं म्हणतंय. अनारसा कसा तरेल?”

“आता काय करायचं, आई? परवा जावईबापू यायचेत.”

“काय करायचं? गोळा किसून परातीत पसर. वर मलमल टाक. रात्री झोपायच्या आधी एकदा हाताखालून काढ.”

रात्रभर ती परात जेवणाच्या टेबलावर होती. सकाळी फडक्यावर नुसता तुपाचा पुसट डाग उमटला, ओल नाही. पीठ पुन्हा मळलं, दोन तास झाकून ठेवलं, आणि एक सोडला. कडेने बारीक बुडबुडे आले, मध्ये एक भोक उघडलं, मग दुसरं, मग सगळी जाळी. त्या दिवशी ३३ भरले आणि वर सात उरले.

तेव्हापासून फडक्याची ही तपासणी मी सगळ्यांना सांगते. पाच मिनिटं ठेवा. ओलं वर्तुळ स्पष्ट उमटलं तर पाणी जास्त. ते कमी करायचे दोन मार्ग. एक, वर सांगितलेला, वेळ असेल तर हाच उत्तम, कारण यात गुळाचं प्रमाण बदलत नाही. दुसरा, त्याच दळणातलं कोरडं पीठ घालणं. म्हणून दळताना मूठभर पीठ वेगळं वाळवून डब्यात ठेवायची सवय लावून घ्या. एक वाटी मळलेल्या पिठाला एक चमचा कोरडं पीठ, नीट मळून किमान चार तास झाकून ठेवायचं. कोरडं पीठ राखून ठेवलं नसेल तर बाजारची बारीक तांदळाची पिठी चालते, मात्र ती भिजलेल्या तांदळाची नसल्याने रात्रभर मुरू द्या.

उलट दोष असेल, म्हणजे थापताना भेगा पडतात आणि गाळणीत कोरडे दाणे उरतात, तर पीठ वाळलेलं आहे. वाटीभर पिठाला पिकलेल्या केळ्याचा एक छोटा चमचा गर कुस्करून लावा. केळं नसेल तर अर्धा चमचा दूध. स्टार्च शिजायला पाणी लागतंच, ते नसेल तर कण एकमेकांना धरत नाहीत. मात्र केळं किंवा दूध लावलेलं पीठ त्याच दिवशी संपवायचं. म्हणून सगळ्या गोळ्याला लावू नका, हव्या तेवढ्याच भागाला लावा.

५. गूळ

हसणाऱ्या अनारशांचं सर्वांत मोठं कारण हेच. आणि याचं मूळ बहुतेक घरांत ‘एकास एक’ या शब्दांत असतं. आजीची वाटी गूळ म्हणजे किसून सैल भरलेली वाटी. आपण चिरून, दाबून भरतो आणि तिला एकास एकच म्हणतो. दाबून भरलेल्या वाटीत गूळ कितीतरी जास्त बसतो. म्हणून मी वाटी सोडून दिली. १ किलो तांदळाला ७०० ते ७५० ग्रॅम गूळ, वजनाने. पावसाळ्यात ७००, कोरड्या दिवसांत ७५०. अर्धा किलो तांदळात वर सांगितलेल्या मापाचे ४० ते ४५ अनारसे होतात, म्हणजे ३३ चं वाण आणि परीक्षेचे चार-पाच त्यात बसतात.

गूळ वाढला की नेमकं काय होतं? साखर कोणतीही असो, ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते, त्यामुळे स्टार्च शिजायला जास्त उष्णता लागते. म्हणजे गूळ जितका जास्त, तितका तांदूळ उशिरा बांधला जातो. आणि गूळ स्वतः तर तोवर पातळ झालेला असतो. तुपाचा ताव अगदी बरोबर असूनही अनारसा हसतो, त्याचं कारण हे. मग लोक गॅस वाढवतात आणि तो हसतोही आणि जळतोही.

बोटांनी ओळखायचं असेल तर चिमूटभर पीठ अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं सावकाश दूर करा. तार सुटली, पीठ चकाकलं, तर गूळ जास्त. नुसतं ओलं पीठ चिकटतं, पण त्याला तार येत नाही.

उपाय वरचाच, त्याच दळणातलं कोरडं पीठ, वाटीला एक चमचा. घालून मळा, रात्रभर ठेवा, सकाळी एक तळून बघा. थोडा पसरला पण फुटला नाही, तर आणखी अर्धा चमचा. अंदाजाने एकदम मूठभर घालू नका. जास्त झालं की तिसऱ्या लक्षणावर याल, म्हणजे जाळी नाही आणि कडक. गूळ नंतर वाढवायचा झाला तर पुन्हा चार दिवस मुरवावं लागतं, पीठ वाढवलं तर एका रात्रीत भागतं. म्हणून मळतानाच गूळ थोडा हात राखून घाला.

चिक्कीचा गूळ घेऊ नका, त्याने अनारसा गार झाल्यावर कडकडीत होतो. खारट गूळही नको, चव बिघडते. साधा, मऊ, पिवळसर कोल्हापुरी गूळ उत्तम. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं नुकती सुरू होत असतात, म्हणून बाजारात बऱ्याचदा मागच्या हंगामातली, पावसाळा काढलेली ढेप मिळते. ती पाझरलेली असेल तर किसून ताटात पसरा, तासभर पंख्याखाली ठेवा आणि मगच वजन करा. नाही तर पाण्याचंही वजन गुळात धरलं जातं.

६. तूप आणि मोहन

किलोभर तांदळाच्या पिठाला दोन मोठे चमचे तूप पुरे. काही जणी खुसखुशीत व्हावेत म्हणून कडकडीत मोहन घालतात. तूप कणांना वेढतं आणि कण एकमेकांना चिकटत नाहीत. शंकरपाळ्याला हेच हवं असतं, अनारशाला नको. दाबल्यावर तूप निथळणारा अनारसा बहुधा यामुळे, नाही तर मंद तावामुळे. जास्त मोहन पडलं असेल तर कोरडं पीठ घालण्यावाचून इलाज नाही.

तळून झाल्यावर अनारसा चाळणीत आडवा न टाकता उभा ठेवा, दुसऱ्याला टेकवून. तूप खाली निथळतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. दुसऱ्या दिवशी वातड होतात ते वाफ कोंडल्यामुळे.

७. दळण

इथून पुढे दुरुस्ती अवघड. पीठ बोटांत चोळून बघा, टाल्कम पावडरसारखं लागायला हवं. कणी लागत असेल तर ती कणी शिजायला वेळ घेते आणि अनारसा तिथून तुटतो. गूळ मिसळण्याआधी लक्षात आलं तर मैद्याच्या चाळणीतून चाळा, वरचा चाळ पुन्हा मिक्सरला लावा, पुन्हा चाळा. मिसळल्यावर लक्षात आलं तर गोळा आणखी चार दिवस मुरू द्या, कणी थोडी मऊ पडते. नेहमीच यश येईल असं मी म्हणणार नाही.

पिठाच्या गिरणीतून कोरडा तांदूळ दळून आणून गूळ घालण्याचा सोपा मार्ग काही जणी काढतात. त्याचे अनारसे मला कधीच जमलेले नाहीत. तीन दिवस पाण्यात राहून तांदळाचा दाणा आतून सैल होतो, किंचित आंबतो, आणि बोटांत दाबला तरी चुरतो. असा दाणा दळला की पीठ फार बारीक आणि मऊ होतं. कोरडा दाणा दगडाखाली फुटतो, त्याचं पीठ वेगळंच असतं.

दळायच्या वेळी तांदूळ किती ओला हवा, हे शिकवताना मी मूठ दाखवते. मूठभर तांदूळ घट्ट धरा आणि सोडा. तळहाताला चार-पाच दाणे चिकटून राहिले आणि बाकीचे गळून पडले, तळहात दमट आहे पण ओला नाही, तर लगेच दळा. मूठभर दाणे चिकटून राहिले तर आणखी वाळवा. एकही चिकटला नाही तर उशीर झालाय.

८. तांदूळ

सर्वांत शेवटी हे, कारण तांदूळच चुकला असेल तर नव्याने सुरुवात, म्हणजे दहा दिवस. जुना, जाडा, न चिकटणारा तांदूळ हवा. नवा तांदूळ चिकट होतो. इंद्रायणी, आंबेमोहोर भाताला कितीही गोड असले तरी अनारशाला नकोत. उकडा तांदूळ तर अजिबात नको, त्याचा स्टार्च आधीच शिजलेला असतो, तो तुपात पुन्हा तसा बांधला जात नाही.

भिजवताना रोज पाणी बदलायचं, न चुकता. पाणी बदललं नाही तर आंबटपणाच्या जागी कुजका वास येतो. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला. २०२६ चा अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून. श्रावणातल्या अनुभवावर जाऊ नका, मे महिन्यात तांदूळ अर्ध्या-पाऊण तासातच दळायच्या बेताचा होतो आणि पीठ लवकर आंबतं. गोळा बांधल्यावर दोन दिवस बाहेर आणि पुढचे दिवस फ्रिजमध्ये, असं करा.

कुठे थांबायचं

पिठावर काळी, हिरवी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळा गोळा टाका. वरचा थर काढून खालचं वापरू नका, बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते. हलका आंबूस-गोड वास चालतो. कुजका, नाकाला झोंबणारा वास आला तर तेही पीठ गेलं. यात जीव अडकवू नका, आणि लहान मुलांसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी तर मुळीच नको.

दोनदा दुरुस्त करूनही अनारसा हसत असेल तर तिथेच थांबा. तिसऱ्यांदा हात घातला की पीठ, तूप आणि गॅस तिन्ही जातात, आणि मनही. त्या पिठात थोडं दूध आणि कणीक घालून तव्यावर जाड गोड घावन घाला, खसखस वरून पेरा. मुलं आवडीने खातात. आणि वाणाची तारीख जवळ असेल तर वर्षानुवर्षं अनारसे करून विकणाऱ्या बाईंकडे जा. गावोगाव, गल्लोगल्ली अशा बायका आहेत, बचत गटांतही आहेत. त्यांचा हात रोजचा असतो. मात्र आठ दिवस आधी सांगा, कारण पीठ मुरायला त्यांनाही तेवढेच दिवस लागतात. जमलं तर आपला बिघडलेला गोळा सोबत न्या. चिमूट हातात घेऊन त्या जे सांगतील ते फोनवर कुणी सांगू शकत नाही.

तुपाचा धूर निघू लागला तर गॅस बंद. जाळ धरला तर कढईवर घट्ट झाकण ठेवा, पाणी ओतू नका आणि पेटती कढई उचलून नेऊ नका. झाकण ठेवूनही जाळ विझत नसेल तर घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला १०१ किंवा ११२ वर फोन करा. हातावर तूप उडून भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा, त्यावर टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका, आणि फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर भाजलं असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. अनारसे दुसऱ्या दिवशी करता येतात. गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी दोन तास आधी बाहेर काढा आणि परीक्षेचा एक तळून बघा.